घड्याळच खोटं बोललं तर? ओव्हरक्लॉकिंगमधल्या न्यायाची गोष्ट

मी मीरा रोडला राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजचा विषय आहे एक असा खेळ, ज्याला मैदान नाही, पंच नाही, आणि वेळ मोजणारं घड्याळसुद्धा खेळाडूच्याच ताब्यात असतं. अशा खेळात चीटिंग कशी पकडायची? आणि त्याहून अवघड प्रश्न: कुणी चीटिंग केलीच नसेल, पण केली नाही हे सिद्धही करता येत नसेल, तर काय करायचं?

खेळाचं नाव ओव्हरक्लॉकिंग. प्रत्येक प्रोसेसरला कंपनी एक वेग ठरवून देते. सेटिंग बदलून तो त्याहून जास्त वेगानं पळवायचा, एवढंच. वेग वाढला की उष्णता वाढते, म्हणून थंड करावं लागतं. साधे लोक मोठा पंखा लावतात. स्पर्धेतले लोक प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवून त्यात उणे १९६ अंशांचं लिक्विड नायट्रोजन ओततात. डिसेंबर २०२२ मध्ये स्वीडनच्या 'एल्मोर' या टोपणनावाच्या खेळाडूनं इंटेलचा १३९००के हा प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला. कंपनीनं त्याला दिलेली मर्यादा होती ५.८ गिगाहर्ट्झ.

आपल्याकडे याचा त्रास वेगळाच. भाईंदरला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. हवेत एवढा दमटपणा की थंड झालेल्या मदरबोर्डवर लगेच दव धरतं आणि शॉर्टसर्किटची भीती. म्हणजे सगळ्यांना नियम एकच असला तरी हवा एकच नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचं गणित सोपं होतं: बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार, म्हणजे साधारण ३००. लोकांनी बसचा वेग ६६ वरून १०० केला. १०० गुणिले साडेचार, ४५०! स्वस्त चिप महागड्या चिपच्या बरोबरीनं धावायला लागली. जगभरातल्या हौशी पोरांसाठी ही दिवाळीच होती.

पण नेमकी हीच युक्ती त्याच दशकात काही व्यापारीही वापरत होते. कमी वेगाचा प्रोसेसर घ्यायचा, वरचा छापील आकडा खरवडून मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायचा. याला रीमार्किंग म्हणायचे. इंटेलनं प्रोसेसरमधला गुणक कुलूपबंद केला, त्यामागचं एक कारण हेच. ३००ए मधला साडेचारचा आकडाही तसाच लॉक होता, म्हणून लोक बसकडे वळले. आता बघा, हौशी पोरगा आणि तो व्यापारी तांत्रिकदृष्ट्या एकच काम करत होते. फरक कुठे? पोरगा सांगत होता, "ही ३०० ची चिप आहे, मी ४५० वर चालवली." व्यापारी सांगत होता, "ही ४५० चीच चिप आहे." या खेळातला न्याय इथून सुरू होतो. वेग वाढवणं गुन्हा नाही, काय केलं ते लपवणं हा गुन्हा.

स्पर्धा वाढली तसा पुरावा लागायला लागला. सगळ्यात लाडकी परीक्षा होती सुपर पाय. पाय या संख्येचे दहा लाखांहून थोडे जास्त दशांश काढायला तुमच्या मशीनला किती सेकंद लागतात, ते मोजायचं. मूळ प्रोग्राम जपानमधल्या कानादा यांच्या टोकियो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून आला. तिथे १९९५ मध्ये पायचे चार अब्जांहून जास्त दशांश काढले होते. पण तो प्रोग्राम संशोधनासाठी लिहिलेला, शर्यतीसाठी नाही. निकालाचा स्क्रीनशॉट तर पेंटमध्ये कुणीही बदलू शकतो. म्हणून एक्स्ट्रीम सिस्टम्स या हौशी गटानं त्याची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसायची आणि निकालासोबत चेकसम यायचा. चेकसम म्हणजे निकालावरून काढलेला एक कोड. आकडा बदलला की कोड जुळत नाही. त्याच जोडीला सीपीयू-झेड हा प्रोग्राम प्रोसेसरची सगळी माहिती एका फाइलमध्ये टाकतो आणि ती फाइल त्यांच्या सर्व्हरवर तपासून घेता येते.

हे सगळे विक्रम एका जागी जमा झाले ते एचडब्ल्यूबॉट या बेल्जियमच्या संस्थेकडे. तिथला मूळ नियम कोणत्याही कोड रिव्ह्यूसारखा आहे: तू कितीही मोठा असशील, पुरावा जोड. अमुक खिडक्या उघड्या दिसल्याच पाहिजेत, अमुक आवृत्तीच चालेल. एक खिडकी राहिली तर विक्रम जातो, मग मनात पाप असो वा नसो. नवख्यांना हे जाचक वाटतं. पण पंच जागेवर नसताना दुसरा मार्गही नाही.

मग आला ऑगस्ट २०१३.

विंडोज ८ नवीन होतं. एचडब्ल्यूबॉटच्या लोकांच्या लक्षात आलं की त्यात वेळ मोजण्याची पद्धत बदलली आहे, आणि विंडोज चालू असताना बेस क्लॉक बदलला तर कॉम्प्युटरचं घड्याळच चुकतं. त्यांनी दाखवलेलं उदाहरण असं: बेस क्लॉक १३० वरून १२२ मेगाहर्ट्झवर आणला, म्हणजे साधारण ६ टक्के कमी. खऱ्या पाच मिनिटांत कॉम्प्युटरचं घड्याळ १८ सेकंद मागे पडलं. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, त्याचे ६ टक्के म्हणजे १८. हिशोब चोख जुळतो.

याचा अर्थ काय? समजा स्टेशनवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे आणि ८:१२ ची फास्ट ८:१५ ला आली. घड्याळात बघितलं तर गाडी वेळेवर! फक्त तुमचं ऑफिस त्या घड्याळावर चालत नाही. तसंच इथे. प्रोसेसर हळू झाला, पण घड्याळही तेवढंच हळू झालं, म्हणून गुण मात्र आधीच्या जास्त वेगाचे दिसतात. चेकसम बरोबर, स्क्रीनशॉट खरा, प्रोग्राम मूळचा. सगळे पुरावे खरे, आणि निकाल खोटा.

एचडब्ल्यूबॉटनं विंडोज ८ वरचे निकाल विक्रमांच्या यादीत घेणं बंद केलं आणि आधीचेही अमान्य ठरवले. म्हणजे ज्यांनी काहीच गैर केलं नव्हतं, रात्र रात्र जागून, पदरचे पैसे घालून नायट्रोजन आणला होता, त्यांचेही निकाल गेले. पुढे कोणत्या प्रोसेसरवर कोणती विंडोज चालेल याचे बारीक नियम आले, काही ठिकाणी एचपीईटी नावाचं वेगळं हार्डवेअर टायमर सक्तीचं झालं, आणि नंतर तर बेंचमेट नावाचा प्रोग्राम आला, जो चाचणी चालू असताना घड्याळावरच पहारा देतो.

हा निर्णय न्याय्य होता का? माझं मत आधीच सांगतो: हो, होता. पण तो फुकट नव्हता. समजा शंभर निकालांपैकी दोन खोटे आहेत आणि ते दोन कोणते हे ओळखायचा काहीच मार्ग नाही. शंभरही ठेवले तर ९८ प्रामाणिक लोकांच्या विक्रमांवर कायमचा संशय. शंभरही काढले तर ९८ जणांचं नुकसान, पण पुन्हा खेळायची संधी आहे. एचडब्ल्यूबॉटनं "तुम्ही चोर आहात" असं म्हटलं नाही. "हे घड्याळ आम्हाला तपासता येत नाही" असं म्हटलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. उपांत्य लढतीत पाठ टेकली असा निर्णय पंचांनी दिला, हरलेल्या मल्लानं तो मान्य केला नाही, व्हिडिओ बघा म्हणाला, आणि वाद पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेला. नंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर हात-पाय उचलणं चूकच, त्यात दुमत नको. पण प्रेक्षकांच्या मनात राहिलेला प्रश्न शिक्षेचा नव्हताच, तो "पाठ टेकली होती का?" हा होता. निर्णय तपासायची सोय सगळ्यांना मान्य असेल तर शिक्षाही पटते. नसेल तर बरोबर निर्णयसुद्धा अन्याय वाटतो.

आता तुमच्या खिशाकडे येऊ. हौशी पोरांना जे नियम लागतात, ते मोठ्या कंपन्यांना लागतात का?

२००३ साल. थ्रीडीमार्क०३ या ग्राफिक्स चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेनंच फिरायचा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरनं याचा फायदा घेतला: कॅमेऱ्याला जे दिसणार नाही, ते काढायचंच नाही. गोरेगावच्या फिल्मसिटीत कसं, समोरून वाडा आणि मागे नुसत्या फळ्या! चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कनं दुरुस्त आवृत्ती काढली, तेव्हा एनव्हिडियाच्या ५९०० अल्ट्रा कार्डचे गुण २४ टक्क्यांनी घसरले. फ्यूचरमार्कनं आधी याला चीटिंग म्हटलं. पण जूनच्या सुरुवातीला दोघांचं संयुक्त निवेदन आलं, आणि चीटिंगचं झालं "ॲप्लिकेशनपुरतं ऑप्टिमायझेशन". काम तेच, फक्त शब्द मऊ झाला.

२०१३ मध्ये आनंदटेकनं दाखवलं की सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस४ मधला ग्राफिक्स चिप ठरावीक बेंचमार्क ॲप उघडली की ५३२ मेगाहर्ट्झवर जातो, पण गेममध्ये ४८० च्या वर जात नाही. त्याच वर्षी फ्यूचरमार्कनं सॅमसंग आणि एचटीसीचे काही फोन यादीतून काढले. २०१८ मध्ये हुवावेचा पी२० आणि आणखी काही फोन गेले. २०२२ मध्ये गीकबेंचनं सॅमसंगच्या एस१० ते एस२२ या मालिकांचे निकाल काढले, कारण फोनमधलं एक सॉफ्टवेअर गेम्सचा वेग दाबत होतं आणि बेंचमार्कला हात लावत नव्हतं. एस४ चा खटला अमेरिकेत २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलरवर मिटला. ग्राहकाच्या वाट्याला साधारण १० डॉलर.

तुलना करा. हौशी खेळाडूची एक खिडकी स्क्रीनशॉटमध्ये राहिली तर विक्रम त्याच दिवशी जातो. कंपनीचा फोन यादीतून निघेपर्यंत तो लाखो लोकांच्या हातात गेलेला असतो. नियम बनवणं त्या मानानं सोपं. तो मोठ्यालाही तेवढ्याच वेगानं लावणं, ही खरी परीक्षा.

आणि तो दमट हवेचा मुद्दा. नियमांनी सगळं समान होत नाही. ज्याला स्पॉन्सर आहे, तो शंभर चिप्स तपासून त्यातली सगळ्यात चांगली निवडतो. तुम्ही-आम्ही लॅमिंग्टन रोडवरून एक आणणार, जे नशिबात असेल ते. एचडब्ल्यूबॉटनं यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या लीग केल्या: नवख्यांची वेगळी, नायट्रोजनवाल्यांची वेगळी, व्यावसायिकांची वेगळी. हवा सारखी करता येत नाही, पण कुणाची कुणाशी तुलना करायची हे तर ठरवता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी फोन घेताना दुकानदार बेंचमार्कचा आकडा दाखवेल, तेव्हा एवढंच विचारा: हा आकडा मोजला कुणी, आणि मोजणाऱ्याचं घड्याळ कुणी तपासलं? उत्तर मिळालं नाही, तर तोच फोन वापरणाऱ्या मित्राकडून अर्धा तास मागून घ्या आणि तुमचा नेहमीचा गेम सलग खेळून बघा. वीस मिनिटांनंतर तो अडखळायला लागला, की पोस्टरवरच्या आकड्याची खरी किंमत तुम्हाला कळेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या!