पेतर गिन्झची रोजनिशी



१९ सप्टेंबर १९४१ रोजी प्रागमधील यहुद्यांना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. तेरा वर्षांच्या पेतर गिन्झने शाळेच्या वाटेवर असे तारे मोजले. ते ६९ भरले. रोजनिशीत आक्रोश नाही. शाळेच्या नोंदींशेजारीच दूर धाडलेल्या सोबत्यांच्या नोंदी आहेत. १९४४ साली आउश्विट्झमध्ये त्याची हत्या झाली.

त्याच्या चंद्रभूमीच्या चित्राची प्रत इलान रामोन यांनी अंतराळात नेली. १ फेब्रुवारी २००३ रोजी, पेतरच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनी, कल्पना चावलांसह ते सारे कोलंबिया यानात मृत्यू पावले. त्या वार्तेमुळेच प्रागमधील एका जुन्या घरात पडून राहिलेल्या वह्या उजेडात आल्या.

पुढचे पान आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. म्हणूनच वाचताना डोळे भरतात. त्याची स्मृती आशीर्वादित असो.