खलपुरुषाचे मन : मराठी नाट्य व रहस्यकथेतील खलचित्रणाचा ऐतिहासिक आढावा (मुळशी परिसराच्या विशेष संदर्भासह)

प्रस्तावना

मानसशास्त्रीय थरारकथेचे यश तिच्यातील खलपुरुषावर अवलंबून असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गुन्हा कोणी केला हा रहस्यकथेचा मूळ प्रश्न होय. गुन्हा करणाऱ्याच्या मनात काय चालले होते, हा थरारकथेचा प्रश्न होय. मराठी साहित्यात पहिल्या प्रश्नाची परंपरा सलग आहे. दुसऱ्या प्रश्नाची परंपरा मात्र रहस्यकथेपेक्षा रंगभूमीवर अधिक सकस रूपात आढळते. या दुसऱ्या परंपरेचा कालक्रमाने शोध घेणे आणि खलपुरुषाला 'मन' दिल्याने त्याच्या अपराधाला क्षमा मिळते काय, या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपरंपरा

संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाच्या विरोधकाला 'प्रतिनायक' अशी संज्ञा आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपक' ग्रंथात लोभी, उद्धत, हट्टी, पापी व व्यसनी अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. ही लक्षणे स्वभावाची आहेत. तो स्वभाव कसा घडला याची विचारणा त्यांत नाही. मराठी रंगभूमीच्या आरंभीच्या पौराणिक नाटकांतील राक्षसपात्रांनाही हेच लागू पडते. त्यांचा आरडाओरडा प्रेक्षकाला भिववीत असे; परंतु प्रेक्षकाला स्वतःविषयी भीती वाटावी, अशी त्यांची योजना नव्हती.

शेक्सपिअरच्या भाषांतरांनी या परिस्थितीत बदल घडविला. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केले. हे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. पात्राच्या कृतीमागे विकारांचा खेळ असतो, हा विचार त्यातून सूचित होतो. या नाटकातील राजा प्रार्थनेला बसतो, आपले पाप ओळखतो. पण पापातून मिळालेले राज्य व राणी सोडण्यास तयार होत नाही. अपराध ठाऊक असूनही त्याचे फळ न सोडणारा माणूस हा गुंतागुंतीच्या खलपुरुषाचा मूळ नमुना होय. राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकात तर घर उद्ध्वस्त करणारा माणूस परका नाही. सुधाकर हा बुद्धिमान वकील व सिंधूचा प्रिय पतीच आहे. विनाशाचे मूळ घराबाहेरच्या दुष्टात न ठेवता घराच्या कर्त्यात ठेवण्याचे धैर्य येथे दिसते.

रहस्यकथेतील खलपुरुष

विसाव्या शतकात मराठी रहस्यकथेला अफाट वाचक मिळवून दिला तो बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके आहेत. झुंजार, धनंजय, काळापहाड या त्यांच्या नायकांनी वाचनाची गोडी लावली. या कथांची गती विलक्षण असली, तरी त्यांतील खलपुरुष हा प्रामुख्याने नायकाच्या चातुर्याला वाव देणारे निमित्त असतो. लक्षणीय बाब अशी की, कायद्याच्या चौकटीबाहेर वावरणारा माणूस येथे नायकाच्या आसनावर बसलेला आढळतो. म्हणजे गुन्हेगाराचे आकर्षण या कथांना ठाऊक होते. पण त्याच्या अंतरंगाची चौकशी त्यांनी केली नाही.

रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेने भय परक्या हवेलीतून उचलून मध्यमवर्गीय घरात आणले. त्यांच्याच कथेवर आधारित व त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला (२०१२ या वर्षासाठी). त्यात शाळकरी मुलाच्या हातून घडलेला भीषण अपराध समोर येतो आणि त्याचे सुशिक्षित पालक त्याला वाचविण्याच्या मागे लागतात. खरा खलपुरुष तो मुलगा नसून अपत्याला 'गुंतवणूक' समजणारी दृष्टी आहे, ही जाणीव हळूहळू दृढ होत जाते. पालकांचे प्रत्येक पाऊल सुटे पाहिले तर समजण्याजोगे आहे. म्हणूनच त्यांची बेरीज भयावह ठरते.

साक्षीदारांच्या नजरेतून : लखोबा लोखंडे

आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत प्रथम सादर झाले. गाजलेल्या काझी खटल्याचा आधार त्याला होता. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हा निरनिराळी नावे व रूपे धारण करून स्त्रियांना फसविणारा भामटा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि प्रत्येक साक्षीनंतर तो ठामपणे नाकारतो. प्रभाकर पणशीकरांनी या एकाच माणसाची पाच रूपे साकारली. मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनात फिरत्या रंगमंचामुळे न्यायालय व गतघटना एकामागून एक क्षणार्धात समोर येत.

या नाटकाची तुलना पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५) या कादंबरीशी करता येईल. तिचा नायकही परक्याचे नाव-रूप घेऊन जगतो. हायस्मिथ वाचकाला त्याच्या मनात नेऊन बसवितात. तो पकडला जाऊ नये असे वाचकाला नकळत वाटू लागते. अत्रे यांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला. लखोबाचे मन नाटकात कधीच पूर्ण उघडले जात नाही. प्रेक्षक त्याला ओळखतो तो फसविलेल्या स्त्रियांच्या साक्षींतून. त्याच्या हजरजबाबीपणाला प्रेक्षक हसतो, आणि पुढच्याच साक्षीत त्या हसण्याची लाज वाटते. मन बंद ठेवूनही खलपुरुष गुंतागुंतीचा करता येतो, आणि तसे करताना पीडितांचा आवाज केंद्रस्थानी राहू शकतो, हे या नाटकाचे मोठे देणे होय.

सत्तेने घडविलेला खलपुरुष

घाशीराम सावळदास हा १७७७ ते १७९१ या काळात पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांचा गुदमरून मृत्यू झाल्यावर क्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. या चरित्राने मराठी लेखकांना फार पूर्वीपासून आकृष्ट केले. मोरोबा कान्होबा यांचे 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक १८६३ मधील आहे. विजय तेंडुलकरांचे याच नावाचे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर झाले.

तेंडुलकरांचा घाशीराम जन्मतः क्रूर नाही. चोरीचा खोटा आळ व मारहाण यांतून सूड पेटतो. पोटच्या मुलीच्या मोबदल्यात कोतवाली मिळते. मुलगी मरते आणि सूडाला धरबंध उरत नाही. मात्र त्याला निर्माण करणारा व काम संपताच जमावाच्या हवाली करणारा नाना सुरक्षित राहतो. एका खलपुरुषाच्या मृत्यूने व्यवस्था निर्दोष ठरत नाही, हे येथे दाखविले आहे. याच वर्षी रंगमंचावर आलेल्या 'सखाराम बाइंडर'मध्ये निळू फुले यांनी साकारलेला सखाराम परित्यक्त स्त्रियांना घरात ठेवतो आणि स्वतःचे नियम उघडपणे सांगतो. त्याची स्पष्टोक्ती दांभिक समाजाहून बरी वाटू लागते. पण शेवटी त्याच्या हातून खून होतो आणि प्रामाणिकपणा म्हणजे सद्गुण नव्हे, हे ध्यानात येते.

पुणे, मुळशी आणि वास्तवाचा ताण

१९७६-७७ मध्ये पुण्यात घडलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने कल्पित खलपुरुषासमोर वेगळेच आव्हान उभे केले. दहा हत्यांमागे कलाशिक्षण घेणारे तरुण होते. चौघांना १९८३ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. या प्रकरणावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. एका दोषीचे आत्मकथनही प्रसिद्ध झाले. दारिद्र्य वा अपमान हे नेहमीचे कारण येथे पुरे पडेना. मात्र जनस्मृतीत आरोपींची नावे व मनोवृत्ती यांची चर्चा जेवढी टिकली, तेवढी मृतांच्या आयुष्याची टिकली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्याचा संदर्भ येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी लढा दिला. त्यानंतर सुमारे सात दशकांनी हिंजवडी परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्योग आले, आणि कोळवण खोऱ्यापर्यंतच्या जमिनींवर शहरातील खरेदीदारांची नजर गेली. या वेळी जमीन पाण्यात गेली नाही, पैशात गेली. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाचा विषय हाच आहे. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा राहुल (ओम भूतकर) गुन्हेगारीत शिरतो. त्याचा पिता (मोहन जोशी) आपल्याच निर्णयाचे ओझे वाहतो. घाशीरामाप्रमाणे येथेही अपमान हे बीज आहे आणि लाभार्थी पडद्याआड आहेत. पण गुन्हेगाराची ऐट पडद्यावर आली की कारणमीमांसा मागे पडते आणि ऐटच अनुकरणीय ठरते, हा धोकाही अशा चित्रणात संभवतो. ज्या गावांतील तरुणांविषयी ही कथा आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही.

निष्कर्ष

१) मराठीत गुंतागुंतीच्या खलपुरुषाचा विकास रहस्यकथेपेक्षा नाटकातून अधिक झाला, न्यायालय, जमाव व घर ही त्याची प्रमुख स्थळे होत.

२) प्रभावी खलपुरुषासाठी त्याचे संपूर्ण मन उलगडणे अनिवार्य नाही. लखोबाचे मन बंद आहे, घाशीरामाचे उघडे. दोन्ही चित्रणे टिकली आहेत.

३) कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. कारणमीमांसा सत्तेपर्यंत पोहोचली तर खलचित्रण समाजचिकित्सा ठरते. ती व्यक्तीच्या दुःखापाशीच थांबली तर सहानुभूतीचे रूपांतर समर्थनात होते.

४) पीडिताचा आवाज ही खलचित्रणाची खरी कसोटी होय. ज्या कलाकृतीत तो आवाज ऐकू येतो, तेथे खलपुरुष कितीही आकर्षक असला तरी वाचकाचा विवेक जागा राहतो.