हातभट्टीची कॅसेट

आपल्याकडे तिला 'कार्ट्रिज' कुणी म्हणत नसे. ती कॅसेट. पिवळी, लाल किंवा निळी, वर कधीच खरा न ठरणारा '९९९ इन १'चा स्टिकर. सुट्टीत ती घरोघरी फिरायची आणि चालली नाही की तिला फुंकर मारायची. तुम्ही नंतरच्या काळातले असाल तर घरातल्या दादाला किंवा ताईला विचारा. त्यांनी एक तरी कॅसेट कुतूहलापोटी उघडलेली असेल. आत टेप नसते. आत एक हिरवी पट्टी, तिच्या काठाला दोन्ही बाजूंनी तीस-तीस पिना, आणि मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा ठिपका.

मी सॉफ्टवेअरवाला. मी लिहिलेला कोड जगातल्या कुठल्या मशीनवर चालतो हे मला सहसा माहीत नसतं. त्याला उतारा म्हणून गेली काही वर्षं ऑफिस सुटल्यावर मी त्या हिरव्या पट्टीच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजच्या सर्किट बोर्डच्या नादाला लागलोय. कंपनीने नव्हे, हौशी माणसाने घरी बनवलेल्या गेमला इंग्रजीत 'होमब्रू' म्हणतात. शब्दशः घरी गाळलेली दारू. तेव्हा मराठीत हातभट्टीच म्हणायला हवं. बोर्ड काढायला बसलं की प्रत्येक रेघेपाशी कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला एक निर्णय आडवा येतो. हा लेख त्या निर्णयांचा आहे.

खेळ यंत्रापासून वेगळा झाला तेव्हा

सुरुवातीच्या घरगुती गेममध्ये खेळ यंत्रातच कोरलेला असे. १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीला कार्डं होती, पण त्यांत खेळ नव्हता. ती फक्त यंत्रातल्या तारा वेगवेगळ्या तऱ्हेने जोडायची. खेळाचा प्रोग्राम मेमरी चिपमध्ये घालून ती चिप ग्राहकाच्या हातात देणारं पहिलं यंत्र म्हणजे १९७६ चं फेअरचाइल्ड चॅनल एफ. मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीची. तिला बाजारात टिकेल असं रूप देणाऱ्या चमूचा प्रमुख होता जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय इंजिनिअर. अडचण साधी वाटते, पण तोवर कुणी सोडवली नव्हती. उघड्या पिनांचा सर्किट बोर्ड लहान मुलं शेकडो वेळा खुपसणार आणि उपसणार. पिना झिजू नयेत आणि बोटांतल्या स्थिर विजेने चिप मरू नये, हे कसं जमवायचं? उत्तर म्हणून जे खोकं बनलं ते पिवळं होतं आणि दिसायला गाण्यांच्या एट-ट्रॅक टेपसारखं होतं. आपल्या 'कॅसेट' या शब्दाला हसायचं कारण नाही. पहिल्या कार्ट्रिजचा बेतच कॅसेटवर होता.

योगायोग असा की लॉसन कॅलिफोर्नियातल्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'चा सदस्य होता. कार्ट्रिजच्या जन्मापाशीच हातभट्टीवाले हजर होते.

चाळीस किलोबाइट

१५ जुलै १९८३ ला निंटेंडोने जपानमध्ये फॅमिकॉम आणला. किंमत १४,८०० येन. हार्डवेअरचा प्रमुख मासायुकी उएमुरा. आपल्याकडच्या कॅसेटी याच यंत्राच्या वंशातल्या. आत ६५०२ जातीचा आठ बिटांचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ. या प्रोसेसरला एकूण ६४ किलोबाइटचे पत्ते दिसतात. त्यातले वरचे ३२ कार्ट्रिजमधल्या प्रोग्रामसाठी. चित्रं काढणारी चिप वेगळी, तिला कार्ट्रिजमधले ८ किलोबाइट दिसतात. बेरीज ४०.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) अख्खा या ४० किलोबाइटमध्ये बसतो. व्हॉट्सअॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो याहून जड असतो. म्हणून त्या खेळातले ढग आणि झुडपं ही एकच आकृती आहे. वर पांढरी, खाली हिरवी.

अशा साध्या कार्ट्रिजच्या बोर्डवर दोन मेमरी चिप असतात आणि बाकी जवळपास नुसत्या रेघा. पण एक गंमत इथेही आहे. यंत्रात दोन पडद्यांपुरती मेमरी असते. ते पडदे शेजारी-शेजारी मांडायचे की एकावर एक, हे यंत्र ठरवत नाही. कार्ट्रिजच्या बोर्डवर दोन पॅड असतात, त्यातला कुठला सोल्डरने जोडलाय त्यावर ते ठरतं. मारिओ उजवीकडे अखंड पळत राहतो त्याच्या मुळाशी सोल्डरचा एक थेंब आहे. प्रोग्रामिंग शिकताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हे दोन वेगळे विषय असतात, इथे ती भिंतच नाही.

एक खोली, आठ बिऱ्हाडं

मग चाळीसच्या पलीकडे कसं गेले? प्रोसेसरला जास्त पत्ते देणं शक्य नव्हतं, यंत्र विकून झालेलं होतं. जे करायचं ते कार्ट्रिजमध्ये.

चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. दिवसा तिथे शिकवणी, दुपारी शिवणकाम, रात्री अंथरुणं. पत्ता एकच, आतला मामला वेळेनुसार बदलतो. याला बँक स्विचिंग म्हणतात. ३२ किलोबाइटच्या खिडकीचे दोन भाग करायचे. खालचे १६ म्हणजे ही बदलती खोली, आणि वरचे १६ कायमचे. वरचा भाग कायमचा ठेवायला कारण आहे. यंत्र सुरू होताच प्रोसेसर पत्त्यांच्या अगदी टोकाला बघून 'कुठून सुरुवात करू' हे विचारतो. तिथे नेहमी तेच उत्तर मिळालं पाहिजे.

हे साधणाऱ्या 'यूएनरॉम' या बोर्डवर मेमरीखेरीज फक्त दोन स्वस्त आयसी आहेत: ७४एचसी१६१ आणि ७४एचसी३२. सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल केलेल्यांनी हीच घराणी ब्रेडबोर्डवर खोचलेली असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत या मालिकेतले आयसी किरकोळ पैशांत मिळतात. १६१ हा खरं तर मोजणी करणारा आयसी, इथे तो फक्त 'आत्ता कितवी खोली' एवढं लक्षात ठेवतो. ३२ मध्ये चार ऑर गेट. प्रोसेसरने वरच्या भागाचा पत्ता मागितला की ए१४ ही तार १ होते. ती ऑर गेटमधून नेली की १६१ ने काहीही लक्षात ठेवलेलं असो, बाहेर पडणारे सगळे बिट १ होतात. सगळे बिट १ म्हणजे शेवटची खोली. वरचा भाग कायम ठेवण्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही.

मी हे पहिल्यांदा कागदावर काढून पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही ऑर गेटचा ट्रुथ टेबल निमूटपणे उतरवला होता. त्याचा असा उपयोग होतो हे कुणी सांगितलं असतं तर त्या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. 'मेगा मॅन' (१९८७) आणि अमेरिकेतला 'काँट्रा' (१९८८) याच रचनेवर उभे आहेत: १२८ किलोबाइट, १६-१६ च्या आठ खोल्या.

पुढे कंपन्यांनी या कामासाठी खास चिप बनवल्या. कोनामीने जपानमधल्या 'अकुमाजो देन्सेत्सू'मध्ये (१९८९) घातलेली व्हीआरसी६ चिप तर आवाजाचे तीन जादा सूर देते. फॅमिकॉमचा आवाज कार्ट्रिजमधून फिरून बाहेर जातो, म्हणून हे शक्य झालं. अमेरिकेतल्या यंत्राच्या कार्ट्रिजला ती वाट ठेवली नव्हती. तोच खेळ तिकडे वेगळी चिप घेऊन आणि ते सूर गमावून गेला.

कुलूप

अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला सुमार खेळांच्या महापुराने व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. १९८५ मध्ये तिथे उतरताना निंटेंडोने यंत्रात एक कुलूप बसवलं आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये त्याची किल्ली. दोन छोट्या चिप एकमेकींशी सतत सांकेतिक बोलतात. बोलणं जुळलं नाही की यंत्र साधारण दर सेकंदाला रिसेट होतं आणि पडदा लुकलुकत राहतो. किल्ली फक्त निंटेंडोकडे. म्हणजे कार्ट्रिजही त्यांच्याकडूनच बनवून घ्यायची, आणि एका कंपनीला वर्षाला पाचच खेळ.

हे कुलूप फोडायला काहींनी विजेचा झटका देऊन चिप गांगरवून टाकली. अटारी गेम्सने दुसरा मार्ग धरला. खटल्यासाठी हवा आहे असं खोटं सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसातून कुलपाच्या प्रोग्रामची प्रत मिळवली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. पण त्याच निकालात असंही म्हटलं, की एखादी गोष्ट चालते कशी हे समजून घेण्यासाठी ती उकलणं हा रास्त वापर ठरू शकतो. फक्त प्रत रास्त मार्गाने आलेली हवी. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या दृष्टीने हे वाक्य महत्त्वाचं आहे. आता त्या कुलपाच्या पेटंटची मुदत संपलीय, आणि आठ पायांचा एखादा स्वस्त मायक्रोकंट्रोलर किल्लीचं काम करतो.

फॅमिकॉमला मात्र कुलूप नव्हतंच. तैवान, चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या, रशियात त्या १९९२ पासून 'डेंडी' नावाने विकल्या गेल्या, आणि आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून आल्या. ६० पिनांच्या, बिनकुलपाच्या. आपल्या पिढीच्या वाट्याला हा खेळ आला तो या उघड्या दारातून. ती चोरीच होती, हेही तितकंच खरं. काळा ठिपका हे त्या चोरीचं अर्थशास्त्र होतं: चिपला वेष्टन न घालता ती थेट बोर्डवर चिकटवायची, वर इपॉक्सीचा थेंब, पैसे वाचले. त्याबरोबर चिपवरचा नंबर गेला, कारखान्याचं नाव गेलं. स्टिकरवर खेळ करणाऱ्याचा उल्लेख नव्हताच. जपानी बोर्डांचा इतिहास हौशी लोकांनी पिन अन् पिन नोंदवून ठेवलाय. आपल्या कॅसेटी भंगारात जातायत आणि त्या कुणी बनवल्या हे त्या स्वतःही सांगू शकत नाहीत.

आज बोर्ड काढताना

केआयकॅड हे फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं आणि रेघा ओढायच्या. इथे इतिहास मिलिमीटरमध्ये बोलतो. नेहमीचा बोर्ड १.६ मिलिमीटर जाड असतो, कार्ट्रिजला १.२ लागतो. फॅमिकॉमच्या पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, अमेरिकी ७२ पिनांच्या यंत्राचं २.५०. फरक केसाएवढा वाटतो, पण एका बाजूला ३६ पिना असल्या की शेवटच्या पिनेपर्यंत तो १.४ मिलिमीटर होतो आणि पिना शेजारणीला टेकायला लागतात. काठाला सोन्याचा मुलामा हवा, कथिल तिथे टिकत नाही. काठ तिरका घासलेला हवा, नाहीतर यंत्राच्या स्प्रिंगा ओरबाडल्या जातात. लॉसनची १९७६ ची काळजी अजून तशीच्या तशी आहे. आणि यंत्र ५ व्होल्टवर चालतं, तर आजच्या बहुतेक मेमरी चिप ३.३ वर. स्वस्तातले नकलाकार ती तशीच जोडून देतात. चिप आज चालते, पण तिच्यावर आणि जुन्या यंत्रावर रोज थोडा भार पडत राहतो. अजून ५ व्होल्टची फ्लॅश मेमरी मिळते. मी तीच वापरतो.

नवे खेळही याच चौकटीत येतायत. मॉर्फकॅट गेम्सचा 'मायक्रो मेजेस' (२०१९) जुन्या ४० किलोबाइटमध्येच बसवलाय.

मला स्वतःला जे करायचंय त्यासाठी यूएनरॉमच हवा, आणि त्याचं कारण मराठी आहे. या यंत्रावर पडद्यावरची प्रत्येक गोष्ट ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांची असते, आणि पार्श्वभूमीला एका वेळी २५६ चौकोन. इंग्रजी अक्षरं त्यात आरामात बसतात. जपान्यांनी कांजी सोडून दिली, कानावर भागवलं. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये (१९८६) जागा वाचवायला काटाकानातलीही मोजकीच अक्षरं ठेवली. देवनागरीचं काय? शिरोरेघेला एक ओळ, वेलांटी वर, उकार खाली, रफार त्याच्याही वर. 'क्ष' ऐसपैस, 'र' सडपातळ. जोडाक्षरं मोजायला लागलो तर २५६ चौकोन कधीच संपतात.

यूएनरॉममध्ये चित्रांसाठी कोरीव मेमरीऐवजी ८ किलोबाइटची साधी रॅम असते. म्हणजे अक्षरं आधीपासून ठेवायची गरज नाही. हवं ते वाक्य प्रोसेसरने जागच्या जागी जुळवायचं, आणि टीव्हीचा एक पडदा रंगवून पुढचा सुरू होण्याआधी मिळणाऱ्या सुमारे सव्वा मिलिसेकंदात थोडं-थोडं रॅममध्ये ओतायचं. संवाद भराभर उमटणार नाहीत, अक्षरामागून अक्षर येतील. चालेल.

सध्या अक्षरं १६ ठिपके उंच आहेत. शिरोरेघ चौकोनाच्या कडेपर्यंत नेली की शेजारच्या चौकोनातल्या रेघेला आपोआप मिळते. 'ळ' सुंदर दिसतो. 'र्‍या'ची अजून मारामारी चालू आहे. बोर्डवर, जिथे त्या काळ्या ठिपक्याची जागा असायची तिथे, मी पांढऱ्या शाईत रचनेचं नाव, वर्ष आणि प्रत्येक चिपचा नंबर छापून घेतो. चाळीस वर्षांनी कुणी ती उघडली, तर कुणाला विचारावं लागू नये.