गॅसच्या लायटरमधलं शिसं

आमच्या डोळखांबला घरचा गॅस लायटर बिघडला की उकिरड्यावर जातो आणि उकिरड्याचं खत पावसाआधी भातशेतीत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा असाच एक लायटर फोडून पाहिला. आत स्प्रिंग, छोटा हातोडा आणि सिरॅमिकचा इवलासा तुकडा. ‘विद्यापीठात नक्की करतोस काय?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: या तुकड्याला पर्याय शोधतोय.

गोष्ट 1880 सालची. पॅरिसमध्ये जॅक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं की क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. हीच पिझोइलेक्ट्रिसिटी. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँने क्वार्ट्झ वापरूनच पाणबुड्या शोधायचं तंत्र उभं केलं.

दुसऱ्या महायुद्धात कपॅसिटरसाठी लागणाऱ्या अभ्रकाचा तुटवडा पडला. चांगलं अभ्रक तेव्हा मोठ्या प्रमाणात आपल्या कोडर्म्याकडून जायचं. पर्याय शोधताना अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपानमध्ये वेगवेगळे शोध लागले, पण पदार्थ एकच: बेरियम टायटॅनेट. भुकटी दाबायची, भट्टीत भाजायची, झालं सिरॅमिक! पण यातल्या प्रत्येक कणाची दिशा वेगळी. पालखीचे भोई आपापल्या दिशेला ओढू लागले तर पालखी हलेल का? मग तापवून जोरदार विद्युतक्षेत्र लावायचं, म्हणजे बरेचसे कण एका दिशेला वळतात. याला पोलिंग म्हणतात.

1950 च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजे पीझेडटी आलं आणि बाजी मारून गेलं. बेरियम टायटॅनेटचा गुण 120 अंशांच्या आसपास जातो, हे त्याहून कितीतरी जास्त तापमानाला टिकतं. लायटर, सोनोग्राफी, सोनार, सगळीकडे तेच. अडचण एकच: वजनाच्या 60 टक्क्यांहून जास्त शिसं.

2003 मध्ये युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले, पण या सिरॅमिकला सूट द्यावी लागली. तोडीचा पर्यायच नव्हता! 2004 मध्ये जपानी संशोधकांनी पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियमचं सिरॅमिक पीझेडटीच्या जवळ नेऊन दाखवलं. मी त्याच कुळातल्या पदार्थांवर काम करतो. ऐकायला सोपं वाटतं, पण पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल शोषतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात भुकटी आधी नीट सुकवली नाही तर वजनच चुकतं आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. पुढे भट्टीत पोटॅशियम-सोडियम उडून जातं, ते वेगळंच.

घाबरू नका, लायटरच्या एका तुकड्याने भात विषारी होत नाही. त्यातलं शिसं सहज विरघळत नाही. खरा धोका खाणीत, भट्टीपाशी आणि भंगार जाळणाऱ्यांना.

तरी आईला म्हटलं, “बिघडलेले लायटर वेगळ्या डब्यात ठेव.” ती म्हणाली, “ठेवते. पण डबा भरला की कुठे टाकू?”

डबा अजून फळीवरच आहे.