सारा बसवणे

नामपूरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर जो ‘आकार’ लिहिलेला असतो, त्याची वंशावळ शोधीत मागे गेले म्हणजे ‘सेटलमेंट’ या इंग्रजी शब्दाशी येऊन थांबावे लागते. आणि या शब्दाने इंग्रजी शिकलेल्या वाचकालाही वारंवार चकविले आहे, कारण ‘वसाहत’ हा त्याचा परिचित अर्थ मनात धरून महसुली इतिहास वाचू लागले की वाक्यांची संगतीच लागत नाही. तेथे सेटलमेंट म्हणजे जमिनीवरील सरकारी देणे ठरविणे. आपल्या दप्तरांतील जमाबंदी. फारसीतून आलेल्या ‘बंदोबस्त’ या शब्दालाही एके काळी हाच अर्थ होता. आज मात्र तो उच्चारताच पोलीस डोळ्यांपुढे उभे राहतात.

बंगालात १७९३ साली कॉर्नवॉलिसने जमीनदारांशी कायमधारा ठरविला. मुंबई इलाख्यात मात्र गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून जी पद्धत घातली, तिच्यात सारा थेट रयतेशी आणि तोही तीस वर्षांपुरताच ठरे. तेहतीस फुटी साखळीने जमीन मोजावी, त्या साखळीचा चौरस तो एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एकर धरावा, मातीची खोली व दोष पाहून आणेवार प्रत लावावी, आणि जिरायत व मोसमसारख्या नदीवर बंधारा घालून काढलेल्या पाटाखालचे पाटस्थळ यांतील भेद ध्यानी घेऊन आकार ठरवावा, असा तो क्रम होता. कागदावर तो न्याय्य दिसतो. परंतु रयतेला साखळी दिसली ती वाढीव साऱ्याची नांदी म्हणूनच, आणि १८५२ साली खानदेशातील सावदा-फैजपूरकडील शेतकऱ्यांनी मोजणीला उघड विरोध केला, तेव्हा सरकारला फौज पाठवावी लागली. नामपूर ज्या बागलाणात आहे, ते बागलाणही त्या वेळी खानदेशातच मोडत असे. नाशिक जिल्ह्यात ते आले १८६९ साली. रयतेच्या त्या भयाला अज्ञान म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते; ‘तीस वर्षे’ या आश्वासनात तीस वर्षांनंतरची वाढ दडलेलीच होती.

या शब्दाचे मर्म कोशापेक्षा आपल्या बोलीतच अधिक स्वच्छ उमटते. इंग्रजी ‘सेटल’च्या मुळाशी आसनाचा, बैठकीचा अर्थ आहे, आणि मराठीतही पेठ बसवतात, तसाच साराही बसवतात.