आधी कापा, मग द्या

डिसेंबर २०२४ मध्ये नोकरी बदलली. पगार दीडपट झाला. त्याच आनंदात बाबांना फोन करून सांगून टाकलं, की घराच्या हप्त्यातला माझा वाटा आता वाढवतो, तुम्ही पेन्शनला हात लावू नका. महिनाअखेरीला सॅलरी स्लिप आली आणि माझं तोंड उतरलं. जुन्या कंपनीत महिन्याला सहा हजारांच्या आत कर कापला जायचा, इथे एकदम पंधरा हजारांच्या वर! पगार दीडपट आणि कर अडीचपट?

अकाउंट्समधल्या मॅडमना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच १२बी भरून दिलाय ना?" हा फॉर्म म्हणजे आधीच्या नोकरीत या वर्षी किती मिळालं नि किती कर कापला, याचा कबुलीजबाब. रुजू होताना वीसेक कागदांवर सह्या केल्या, त्यात हाही होता.

मग शनिवारी हिशोब मांडून बसलो. समजायला सोपे म्हणून गोल आकडे घेऊ. एप्रिल ते नोव्हेंबर महिना १ लाख, म्हणजे ८ लाख. पुढचे चार महिने दीड लाख, म्हणजे ६ लाख. जुन्या कंपनीनं वर्षाचे १२ लाख धरले. नव्या पद्धतीत त्या वर्षीच्या दरानं त्यावर सेससकट ७१,५०० कर होतो. त्याचे बारा भाग करून ती महिन्याला ५,९५८ कापत होती. आठ महिन्यांत ४७,६६७. पण खरं उत्पन्न १४ लाख, आणि वरचे दोन लाख वरच्या दराच्या पायऱ्यांवर जाऊन पडले. एकूण कर १,०९,२००. उरले ६१,५३३ आणि महिने फक्त चार. म्हणजे महिन्याला १५,३८३. कुणीही लुबाडलेलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. १२बी दिला नसता तर नव्या कंपनीला फक्त ६ लाख दिसले असते. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि वर रिबेट, म्हणजे कर शून्य! एका मित्रानं आदल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. चार महिने खुशीत काढले, आणि जुलैत रिटर्न भरताना सगळी थकबाकी व्याजासकट एकदम भरली.

आता प्रश्न असा, की माझा कर कंपनी का कापते? याचं मूळ इंग्लंडात सापडतं. नेपोलियनच्या काळातल्या लढायांच्या खर्चासाठी पंतप्रधान पिटनं १७९९ साली दहा टक्के आयकर बसवला. पण उत्पन्न किती ते लोकांनीच सांगायचं होतं. लोकांनी सांगितलं (म्हणजे सांगितलं नाही!). दहा दशलक्ष पौंडांची अपेक्षा होती, हाती आले जेमतेम सहा. १८०३ मध्ये अ‍ॅडिंग्टननं दर निम्मा केला, पण शक्य तिथे पैसे देणाऱ्याच्या हातूनच कर कापून घेतला. निम्म्या दरात वसुली जवळपास तेवढीच! हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो.

हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सननं, १८६० साली, १८५७ च्या उठावानं रिकामी झालेली तिजोरी भरायला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याला इतका विरोध करून बसला, की त्यालाच परत बोलावलं. विल्सनही त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. असो.

अ‍ॅडिंग्टनची युक्ती सपाट दराला फिट्ट बसते. पाच टक्के म्हणजे पाच टक्के, कुणी का कापेना. पण आपल्याकडे १९१६ साली चढते दर आले आणि घोळ सुरू झाला. आता कर ठरतो वर्षाच्या बेरजेवर, आणि कापणाऱ्याला दिसतो फक्त स्वतःनं दिलेला तुकडा. १९२२ च्या कायद्यानं मालकाला अंदाजी वार्षिक पगारावर कापायला सांगितलं. १९६१ च्या कायद्यातल्या १९२व्या कलमानं तेच पुढे चालवलं, शिवाय वर्षात नोकरी बदलणाऱ्यानं जुना तपशील नव्या मालकाला द्यावा आणि मालकानं कमीजास्त पुढच्या महिन्यांत जुळवून घ्यावं, अशी सोय केली. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेट एका सिस्टिममधून दुसरीत न्यायची, आणि मधला मेसेज क्यू म्हणजे तुम्ही स्वतः. ब्रिटनमध्ये १९४४ पासून ही कटकट जुना मालक सोडवतो, नोकरी सोडताना पी४५ नावाचा कागद हातात देऊन. तो नसेल तर तिथेही तात्पुरत्या कोडनं कर कापतात. ऑनसाइट गेलेल्या मित्रांना विचारा, पहिला पगार बघून तेही असेच ओरडलेले असतात.

रविवारी बाबांना फोन केला. हप्त्याचं सांगताना जरा जीभ अडखळली. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. ऐकून हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, आमचा फेब्रुवारीचा पगार दरवर्षी करात जायचा. तुझ्या आईनं त्या महिन्याचा किराणा जानेवारीतच भरून ठेवलेला असायचा. तू एप्रिलपासून वाढव हप्ता, तोवर मी बघतो."