शय्याव्रणांची नोंद : शुश्रूषेचे अविभाज्य अंग

रुग्ण व परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस डी लेलिस (१५५०–१६१४) यांच्या स्वतःच्या पायाला न भरणारी जखम होती. जखमेची हेळसांड म्हणजे काय, हे ते जाणून होते. आज आपल्या वृद्धाश्रमांतून व घरांतून अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना मोठा धोका असतो तो शय्याव्रणांचा. त्यांची तपासणी व नोंद कशी असावी, याची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

कारण : एकाच कुशीवर दीर्घकाळ पडून राहिल्याने हाडाच्या उंचवट्यावरील त्वचेचा रक्तपुरवठा खुंटतो. माकडहाड, खुबे, टाचा व घोटे रोज तपासावेत.

अवस्था : पहिल्या अवस्थेत त्वचा अखंड असते, पण दाबूनही लाली मावळत नाही. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून उष्णता, कठीणपणा व वेदना हाताने व विचारून जाणून घ्याव्यात. दुसऱ्या अवस्थेत त्वचेचा वरचा थर जातो वा फोड येतो. तिसऱ्या अवस्थेत चरबी व चौथीत स्नायू किंवा हाड उघडे पडते. मृत ऊतींनी तळ झाकला असल्यास ‘अवस्था ठरविता येत नाही’ असेच लिहावे.

नोंद : दिनांक, वेळ व जखमेचे नेमके ठिकाण लिहावे. डोक्याकडून पायाकडे लांबी, तिला काटकोनात रुंदी, तसेच खोली सेंटिमीटरमध्ये मोजावी. तळाचा रंग, स्राव, दुर्गंधी, कडांची स्थिती, वेदना व केलेला उपचार नमूद करून खाली सही करावी. मोजमाप आठवड्यातून एकदा तरी व्हावे. ‘जखम बरी आहे’ या शेऱ्यातून पुढच्या पाळीच्या परिचारिकेस काहीच कळत नाही. गेल्या सोमवारी ४ × ३ असलेली जखम आज ५ × ४ झाली, हे आकडेच डॉक्टरांना वेळीच बोलावण्यास भाग पाडतात.

नवी जखम लिहिल्यास दोष आपल्यावर येईल, या भीतीने ती लपविली जाते. ही भीती व्यवस्थापनाने दूर करावी आणि नातेवाइकांनीही नोंदवही आस्थेने पाहावी, अशी आमची विनंती आहे.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या जखमी माणसाला उतारशाळेच्या रक्षकाच्या स्वाधीन केले. सेवा अशी एका हातातून दुसऱ्या हाती जाते. प्रामाणिक नोंद हाच त्या दोन हातांमधील दुवा होय.